मागे जाणाऱ्या माणसाबद्दल

मोठ्या जाऊबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी विड्यांसाठी तेंदूची पानं भिजवत होते. पुतण्या गोंदियाच्या दवाखान्यातून बोलत होता. पानं दोन दिवस पाण्यातच राहिली...

त्या दहावी शिकलेल्या, मी चौथी. दुपारी मी आणि शेजारणी त्यांच्या ओसरीत विड्या वळायचो आणि त्या मोठ्यानं पुस्तक वाचायच्या. वाचणारीचे हात अडकतात, म्हणून प्रत्येकीनं आपल्या थोड्या विड्या त्यांच्या सुपात टाकायच्या, असं ठरलेलं. वाचनालयातून आणलेली एक मालिका तर कितीतरी महिने चालली. तिच्यातला माणूस यंत्रात बसून मागच्या काळात जातो, नदीत बुडालेल्या भावाला वाचवायला. दर भागात भाऊ वाचतो आणि दुसरंच कोणीतरी मरतं.

पहिले दोन भाग मला फार आवडले. तिसऱ्यात मात्र त्या माणसाचा राग यायला लागला. मी चारचौघींत बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले.

“बायको घरी वाट पाहून राहिली, अन् हा मागंच जाते. कायले?”

“भाऊ होय त्याचा,” जाऊबाई म्हणाल्या. “तू नसती गेली?”

“नसती गेली.”

“बहुत कठोर आहेस वं तू. शेवटच्या भागात पाह्य, लेखक मलेच खरी ठरवते.”

शेवटचा भाग मिळाला तोवर त्यांनी अंथरूण धरलं होतं. मग मीच त्यांना वाचून दाखवू लागले. मी अडखळले की त्या डोळे मिटूनच शब्द पुरा करायच्या. एक प्रकरण राहिलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं...

ते प्रकरण मी परवा ओसरीत सगळ्यांसमोर वाचलं. अडखळत, पण शेवटपर्यंत वाचलं. भाऊ वाचतो, या वेळी कोणीच मरत नाही, सगळे एका पंगतीत जेवतात.

“म्हणजे तुह्या जाऊबाईच जिंकल्या,” शेजारची सुमन म्हणाली.

“शेवट खोटा आहे,” मी म्हणाले. “इतके भाग लेखकानं खरं सांगितलं, अन् शेवटी त्याले दया आली. तो भावासंग काठावर घडीभर बसून परत आला असता, तर मी मानलं असतं.”

“अन् बाईसाठी तू गेली असती का मागं?”

“नाही. शेवटी त्यायले पाणीही गिळवत नव्हतं. तेच पुन्हा भोगाले कायले लावू?”

सुमननं माझ्या सुपात थोड्या विड्या टाकल्या. मग म्हणाली, “बाई असत्या तर भांडल्या असत्या तुह्यासंग.”

“भांडल्याच असत्या,” मी म्हणाले, आणि आता वाचनालयातून कोणतं पुस्तक आणायचं, ते मीच सांगितलं.