दोन स्पीकरच्या मधली बाई

जुन्नरच्या पेठेत एक म्हातारा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात मी त्याच्याकडे नवी कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी ती इवलीशी डबी, घ्यायला गेलो. त्यानं एका गायिकेचं एकच गाणं तीन कार्ट्रिजवर लावलं आणि दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेकडे, जणू ती तिथंच उभी राहून गातेय असं, डोळे बारीक करून बघत बसला.

“पहिलीत बाई डावीकडं सरकतीया. दुसरीत भिंतीभर पसरलीया. हिच्यात बघा, बरोबर मधी हुबी हाय!”

मी खूश होऊन ती कार्ट्रिज बघायला पुढं गेलो, तसा तो खेकसला, “राव, बाईच्या अंगावर कुठं चाललाय? कडंनं जा की!”

मी चक्क तिची माफी मागितली.

घरी हे ऐकून बायको पोट धरून हसली. मग नव्या कार्ट्रिजवर गाणं लागल्यावर तिनं चहाचे तीन कप आणले. तिसरा दोन स्पीकरच्या मधे ठेवला, तोही कडेनं जाऊन.