खालूंच्या भुवया

जगात आश्चर्य वाटावं असं काहीही शिल्लक राहिलेलं नाही, अशी खात्री पटलेला एकच इसम मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमानांत मावशीला खाला म्हणतात आणि तिच्या यजमानांना खालू. हे खालू सौदीतल्या खमीस मुशैतला एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पात जनरेटरचे फोरमन होते. कफिलाकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या मालकाकडे, शब्द टाकून त्यांनीच मला व्हिसा मिळवून दिला, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्याचा हक्क मला जरा उशिराच मिळाला. मी पोचलो त्याच दिवशी तिथे गारा पडल्या. वाळू, उंट आणि रणरणतं ऊन डोक्यात घेऊन आलेला मी बोराएवढ्या गारा ओंजळीत भरून खोलीत धावलो. "खालू, सौदीत गारा!" खालू पायजम्यात नाडी ओवत होते. वर न बघताच म्हणाले, "म्हायत हाय." गारा माझ्या हातातच विरघळल्या.

पुढे कळलं, की खालूंच्या संभाषणाची सुरुवात आणि शेवट याच दोन शब्दांत होत असे. एकदा डोंगरातलं भलंथोरलं माकड मेसमध्ये शिरलं आणि खुबूसची, म्हणजे तिथल्या रोट्यांची, अख्खी पिशवी काखेत मारून निघालं. इंजिनियरसाहेबांसकट सगळे टेबलांवर चढले. खालू खाली बसून डाळ ओरपत होते. "दर थंडीत येतो तो," एवढंच म्हणाले. जनरेटरनं पेट घेतला तेव्हाही "वाटलाच होता मना" असं पुटपुटत त्यांनी एकट्यानं वाळू टाकून आग विझवली. म्हणजे माणूस कामाचा होता, यात वादच नाही. पण कुणाला मुलगा झाला, कुणाचं लग्न ठरलं, असली बातमी घेऊन त्यांच्याकडे जाणं म्हणजे मिठागरात मीठ विकायला जाणं. कॅम्पातली माणसं हळूहळू त्यांना काही सांगेनाशी झाली. खालूंना त्याचंही काही वाटलं नाही.

अशा माणसाच्या नशिबी आमच्या मेसचा स्वयंपाकी आला होता. यूसुफ कंबोडियाचा. मदिनेत शिकायला आला आणि कांदा चिरण्यातच रमला. त्याला काहीही सांगा, तो आधी डोळे विस्फारून "यी!" करायचा, मग "मेन ते?" विचारायचा. म्हणजे ख्मेरमध्ये, अरे, खरंच का? आपण "मेन" म्हणून खात्री दिली, की तो झारा बाजूला ठेवून ऐकायला मोकळा. "आज डाळ खारट झाली," असं मी सांगितलं, तरी तो "यी! मेन ते?" म्हणाला, आणि डाळ त्यानंच केली होती. एकदा मी त्याला याचं कारण विचारलं. आपल्या मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "बोलनेवाला आधा बोलता है. सुननेवाला पूछता है, तब बाकी आधा आता है." हे बोलणं खालूंच्या कानावर गेलं. त्यांनी "हं" केलं आणि हात धुवायला गेले.

खालूंना एकच मुलगी, सातवीतली. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर ते फोनच्या केबिनमधून घरी बोलत. आधी खाला आठवड्याच्या सगळ्या बातम्या सांगे, मग पोरगी फोनवर येई. "बावा, आपली शेळी व्यायली!" "म्हायत हाय." "बावा, माझा नंबर..." "म्हायत हाय, अम्मीन सांगितलान." एका शुक्रवारी पोरगी फोनवर आलीच नाही. पुढच्या शुक्रवारी "अम्मीला सगळं म्हायत हाय" म्हणून पळून गेली. तिसऱ्या शुक्रवारीही तसंच झालं, तेव्हा खालू जेवले नाहीत. दोन वर्षांतून एकदा भेटणारी पोर. तिला आपल्याला सांगायला काही उरलेलं नाही, हे त्यांना झोंबलं होतं. संध्याकाळी बघतो तर खालू मेसच्या मागच्या दारात उकिडवे बसून यूसुफला म्हणताहेत, "वो तेरा मेन ते, जरा सिखा."

पुढचा आठवडाभर मी हसू दाबून दाबून दमलो. खालू "मेन ते?" असं विचारत, की जनरेटरचा पार्ट अजून का नाही आला, याचा जाब विचारताहेत असं वाटावं. "नहीं अंकल, पुलिस नहीं!" यूसुफ कळवळून म्हणे. "भौंह ऊपर!" पण खालूंच्या भुवया वीस वर्षांत कधी उचलल्याच गेल्या नव्हत्या, त्या एकदम कशा वर जाणार? सरावाला मी होतोच. "खालू, मी दात घासले." "यी! मेन ते?" "मेन, खालू, मेन."

शुक्रवारी मी केबिनबाहेर उभा राहिलो. उकाड्यामुळे दार उघडंच होतं. पोरीनं एकटीनं खाडीत होडी वल्हवली, ही बातमी खालानं सवयीप्रमाणे आधीच देऊन टाकली. मग बऱ्याच मिनतवारीनं पोरगी आली. खालूंनी घसा खाकरला, भुवया कपाळात चढवल्या आणि ओरडले, "यी! मेन ते?" पलीकडे पोरगी गोंधळली असावी. मग खालूच गडबडीनं म्हणाले, "म्हणजे खरा काय गो? एकटीन? पार पल्याड?" आणि पोरगी सुटली. खालू नुसते "खरा?" आणि "मगे?" म्हणत होते, दर वेळी भुवया वर. फोनवर त्या कोण बघणार होतं, पण तेवढं सांगायची माझी छाती झाली नाही.

एकाएकी ते थांबले. भुवया खाली आल्या होत्या. "काय?" ते अगदी हळू म्हणाले. "कवापासून?"

बाहेर येऊन ते फुटपाथच्या कडेला बसले. "दारात माझ्या जुन्या चपला असतात ना," ते म्हणाले, "त्याच घालून होडीवर गेली होती. तिला होतात रे त्या आता. तुझ्या खालान होडीचा सांगितलान, चपलांचा नाय सांगितलान."

त्यात सांगण्यासारखं काय, असं खालाला वाटलं असणार. खालूंनी पाय पुढे केला आणि स्वतःच्या पावलावर टाचेपासून अंगठ्यापर्यंत वीत टाकून बघितली. मला त्यांची फार माया आली. पुढच्या सुट्टीला अजून चौदा महिने होते.