मला विषय केलं

“तू कागद ठेव. आज तू काढायचं नाहीस. तू इथं बस.”

शिबिरातल्या मॅडमनी स्टूल मधोमध सरकवलं. मी बसले. त्यांनी मागून येऊन माझी वेणी सोडली. सकाळी आईनं तेल लावून घट्ट घातलेली वेणी. बोटांनी केस विस्कटले. म्हणाल्या, “असंच राहू दे. आणि हसू नकोस.”

मग फळ्यावर विषय लिहिला. ‘उपेक्षित’. खाली, ‘समोर पाहा. चित्र काढा. दहा ओळी लिहा.’

समोर मी होते.

नववीत होते तेव्हा. आम्ही नांदूरघाटकडचे, मेंढरं राखणारे. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी अंबाजोगाईच्या शिबिरात माझं नाव दिलं. लेखन आणि चित्रकला. मी आणि आई मावशीकडं उतरलो होतो. शिबिरात रोज एक विषय द्यायचे. पहिल्या दिवशीचा, ‘माझ्या खिडकीतून’. आमच्या कापडी पालाला खिडकी कुठली? आडवं झालं की पालाखालून मेंढरांचे पायच दिसतात. मी पाय काढले. कागदभर पाय. मॅडमनी तो कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. “बाकीची मेंढी कुठं गेली गं?” वर्ग हसला. तरी मी दुसऱ्या दिवशी गेले. लई हौस होती मला.

आणि आता स्टुलावर. वीस-पंचवीस पोरं माझ्याकडं बघून रेघा मारतायत. पायाला मुंग्या. जरा हलले की, “हलू नकोस.” उठून पळावं वाटत होतं. पळाले नाही. बसून राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

मग वाचन. एका पोरीनं वाचलं, “तिच्या पोटात भूक आहे. तिला स्वप्नं पडत नाहीत.” टाळ्या. मी दोन भाकरी खाऊन आले होते. त्या पोरीनं मला नावसुद्धा विचारलं नव्हतं.

आई मला न्यायला येऊन दारात थांबली होती. तोंडभर हसत म्हणाली, “लई मान दिला गं तुला. समद्यांनी तुजंच चित्तर काढलं.”

मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काय चेहरा आहे! उद्या ह्यांना बसवू.”

आई लाजली. तिला काहीच कळलं नव्हतं.

तेव्हा मी उठले.

“न्हाई.”

“म्हणजे?”

“आई बसणार न्हाई. मी बी न्हाई. तुमी बसा, मी काढते.”

मग मॅडम म्हणाल्या, “अशा मुलांना संधी द्यायचीच कशाला?”

माझं नाव खोडलं. सरांना शाळेत बोलणी बसली. एसटीत आईनं माझ्या थोबाडीत मारली. “कावून बोललीस? शिकू देत हुते की!” पुढं दोन वर्षं मी पेन्सिल धरली नाही.

आता मी एकोणीसची आहे. परवा मोबाईलवर त्याच शिबिराची जाहिरात आली. त्यात छापलेल्या चित्रात मी. झिंज्या सुटलेल्या, गाल बसलेले, डोळ्यात पाणी. मी त्या दिवशी रडले नव्हते. खाली कुण्या पोराचं नाव, पहिलं बक्षीस. माझं नाव कुठंच नाही.

मी जाहिरातीतल्या नंबरावर फोन केला, ते चित्र मला द्या म्हणाले. “ते संस्थेचं चित्र आहे,” पलीकडचा माणूस म्हणाला आणि फोन ठेवला.

आई म्हणते, जाऊ दे. बाप म्हणतो, मोठ्यांच्या नादी लागू नको. मदतीला कुणी येणार नाही, हे मला माहीत आहे.

सोमवारी शिबिराचं उद्घाटन आहे, ते चित्र तिथं भिंतीवर लावणार आहेत. मी जाणार. सगळ्यांपुढं उभी राहून माझं नाव सांगणार आणि ते चित्र मागणार. नाही दिलं तर माझ्या हातानं भिंतीवरून उतरवणार.

मग बोलवू देत पोलीस.