ओवीची भूल उतरताना

हळू आवाजात बोलणं मला जमत नाही. कागलच्या एमआयडीसीत मी फौंड्रीत सुपरवायझर आहे. मशिनांच्या धडधडीत ओरडून ओरडून गळाच तसा झालाय. (घरात मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन येते.)

आमच्या पाच वर्षांच्या ओवीचं टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हा नवराबायकोला समोर बसवलं. "भुलीतून उठताना काही मुलं बावचळतात. रडतात, हातपाय झाडतात, आईबापालाही ओळखत नाहीत. थोड्या वेळानं निवळतं. आम्ही काळजी घेऊच, पण उठताना तिच्याजवळ एकच माणूस हवा. शांत, हळू बोलणारा."

"मी थांबतो की," मी म्हणालो. बाहेरची नर्स आत डोकावली.

"मी बसते," सुनीता म्हणाली.

"तू रडशील. मीच थांबतो."

ऑपरेशन नीट झालं. मंद उजेडाच्या खोलीत शेजारच्या खाटांवर आणखी दोन पोरं झोपली होती. ओवीनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि किंचाळली, "ह्यो कोण हाय? मला पप्पा पायजे!"

"अगं, मीच हाय की पप्पा."

"न्हाय! तू न्हाय!"

तिनं मला लाथ घातली, सलाईनची नळी ओढली. पोटची पोर ओळखेना म्हटल्यावर डॉक्टरबाईंचं सगळं विसरून मी फौंड्रीतल्या आवाजात सांगितलं, "ओवी, घाबरू नकोस!"

शेजारची दोन्ही पोरं दचकून उठली आणि रडायला लागली. ते बघून मीही.

नर्सनं मला दंडाला धरून बाहेर आणलं. "पावणं, तीन पोरं आम्ही बघतो. चौथं न्हाय सांभाळता येत."

सुनीता आत गेली. दाराच्या काचेतून मी बघत होतो. ती नुसती ओवीच्या कपाळावर हात ठेवून बसली. ओवी रडली, हुंदके देत राहिली आणि तिच्या हातावरच झोपी गेली. आता पोरीला माझी नव्यानं ओळख करून द्यायची, या विचारानं मी बाकावर बसून पुन्हा रडलो.

संध्याकाळी ओवी जागी झाली. तिला काहीच आठवत नव्हतं. बसक्या आवाजात म्हणाली, "पप्पा, तुझं डोळं का सुजल्यात?"

"पप्पांची भूल अजून उतरायची हाय," सुनीता म्हणाली.

ओवीनं आपलं आइस्क्रीम चमच्यानं माझ्या तोंडाशी धरलं आणि बाजूला सरकून जागा केली. फौंड्रीतल्या अख्ख्या पाळीला दम देणारा मी, ते खाऊन मुकाट्यानं तिच्या खाटेवर आडवा झालो.