फाउंटनपाशी वाकणारे वडील

गेटवे बघायला जायचं म्हणजे आम्ही परळहून ट्रामने फाउंटनला उतरायचो आणि तिथून पुढे चालत जायचो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. फाउंटनजवळ एका ठरावीक जागी वडील चपला काढायचे, वाकून रस्त्याला हात लावायचे आणि तो छातीला न्यायचे. मागून येणारे अडखळायचे, वळून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हुतात्म्यांना नमस्कार घरूनही करता येतो, असं मी मनात चडफडायचे.

एका रविवारी गेटवेजवळच्या बागेत आम्ही दोघं गवतावर चणे खात बसलो होतो. ती प्रचंड कमान जवळून बघावी म्हणून मी उठले, तर माझा पाय वडिलांच्या हाताला लागला. सवयीने मी लगेच वाकून नमस्कार केला. वडिलांचा चेहरा एकदम उतरला.

"त्या दिवशी पळताना माझा पाय एका पडलेल्या माणसाच्या छातीवर पडला," ते म्हणाले. "चपलेसकट. जिवंत होता, माझ्याकडे बघत होता. मागून लोंढा येत होता, थांबता आलं नाही. नमस्कार करायचा राहिला."

कमान बघायची राहूनच गेली. परतताना वडील त्याच जागी वाकले. मी वळसा घालून पुढे गेले, वाटेत कोणी झोपलेलं असलं की जातो तशी.

आता वडील नाहीत. तिथे स्मारक झालंय, लोक हार तिकडे घालतात. मी अजूनही रस्त्यातल्या त्या जागेवर पाय ठेवत नाही.