प्लंडर म्हणजे अंथरूण-पांघरूण

विट्यातल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरांना कुलपं आहेत. माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायला, देशभर पांगलेली. माझा मुलगाही तिकडंच. हे गेल्यापासून मी एकटीच असते.

दुपारी समोरचे हवालदार, फौजेतून निवृत्त झालेले, इंग्रजी शिकायला यायचे. पंचाहत्तरी गाठलेले, विधुर. त्यांचा नातू कोइमतूरला वाढलेला. त्याला तमिळ आणि इंग्रजी येतं, मराठी येत नाही. फोनवर त्याच्याशी चार वाक्यं बोलता यावीत एवढीच त्यांची इच्छा. मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. मलाही कुणीतरी हवंच होतं.

एकदा धड्यात ‘प्लंडर’ शब्द आला. लढाईतली लूट, मी म्हणाले.

“पर लुटीला इंग्रजीत लूटच म्हणत्यात न्हवं?”

“तो शब्द त्यांनी आपल्याकडून नेला. हा जर्मनांचा. तिकडं तीस वर्षं लढाई चालली होती, तेव्हा इंग्रजांनी उचलला. मूळ अर्थ घरातलं किडूकमिडूक. कपडे, अंथरूण-पांघरूण. शिपाई तेच उचलून न्यायचे, म्हणून त्याचा अर्थ लुटणं झाला.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, “बाई, आमी बी एका गावात शिरलो हुतो. सीमेच्या पल्याड. माणसं पळून गेल्याली. थंडी तर लय. एकानं घरातनं रजई आणली. सायब वराडला, ठेवून या म्हणून. मी गेलो ठेवाय.”

“मग?”

“ठेवली. घडी घालून. आई घालायची तशी. पर घरात कोणच न्हवतं, बाई. कुणासाठी घडी घातली, कळंना.”

त्या दिवशी पुढं शिकणं झालं नाही.

दिवाळीनंतर त्यांचा मुलगा त्यांना कोइमतूरला न्यायला आला. घर विकलं होतं. टेम्पोत कॉट, पिंपं, गाद्या चढत होत्या. जे मावेना ते भंगारवाला नेत होता. मुलगा मला म्हणाला, “बाई, तुमाला काय पायजे ते ठेवून घ्या.” मी नको म्हटलं. हवालदार ओट्यावर बसून सामानाकडं बघत होते. निघताना त्यांनी मला उभं राहून सलाम केला. मला धड नमस्कारही करता आला नाही.

परवा त्यांचा फोन आला. आधी इंग्रजीत, “हाऊ आर यू, मॅडम?” मी शाबासकी दिली. नातवाशी जमतं का, विचारलं.

“जमतंय की. पर त्यो दिसभर शाळंत असतोय. हितं समदी हायेत, बाई, पर बोलाय कोण न्हाई.” मग त्यांनी विचारलं, “तुमी काय करताय?”

काहीच करत नव्हते. पण म्हटलं, “चहा ठेवलाय.”

“मग ठेवा फोन,” ते घाईनं म्हणाले, “उतू जाईल.”