कुरुळी फाट्यावरचा कडक फोटो

कुरुळी फाट्यावर उमरचा स्टुडिओ आहे आणि आसपासच्या गावांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे सगळे रागीट चेहरे तिथूनच बाहेर पडतात. त्याचे वडील मीरासाहेब देहूरोडला जवानांचे पासपोर्ट फोटो काढायचे. दोन्ही कान दिसले पाहिजेत, तोंडभर उजेड. उमरला त्या सपाट तोंडांचा लहानपणापासून कंटाळा. तो गिऱ्हाइकाला काळ्या पडद्यापुढे बसवतो, एकच लाइट कानामागून मारतो, कपाळावर पाण्याचा फवारा उडवतो. मग कॉम्प्युटरवर रंग उतरवायचे, सावल्या गडद करायच्या, कातडीचं छिद्र न् छिद्र वर आणायचं. बिस्किटाचे पुडे भरणारा पोरगाही मग खून पचवून आल्यासारखा दिसतो, आणि त्यातच त्याला धन्य वाटतं! मूळ फोटो मात्र उमर कधीच कुणाला दाखवत नाही.

त्या रविवारी समोरच्या खांबावर वाढदिवसाच्या फ्लेक्समधला सार्थक लटकत होता. सार्थक चाकणच्या एका कंपनीत वेल्डर. गालावर ठिणगीचा बारीक डाग होता, तो उमरने पार खोल करून टाकला होता. आजवरचं त्याचं सगळ्यात भारी काम. पण त्याच दिवशी अकरा वाजता सार्थकच्या सोयरिकीसाठी मुलीकडचे लोक घर बघायला येणार होते आणि फ्लेक्स टांगणाऱ्या दोस्तांच्या ते डोक्यातही आलं नव्हतं. सार्थकची आई सगुणाबाई सकाळीच उमरला फैलावर घेऊन गेली.

"माझं पोरगं गुंड करून टांगलंस व्हय रे? पावणं यायच्या आत उतरव!"

शिडी मंडपवाल्याकडे आणि मंडपवाला लग्नाला गेलेला. उमर हात चोळत बसला. अकराला दहा कमी असताना फ्लेक्सखाली जीप थांबली.

सोयरीक करणारी माणसं घरी जाण्याआधी फाट्यावरच्या दुकानात चौकशी करतातच. मुलीचे वडील सयाजी आणि आत्या छबूबाई सरळ स्टुडिओत शिरले.

"भाऊ, ह्यो पोरगा कसा हाय?" सयाजींनी फ्लेक्सकडे बोट दाखवून विचारलं.

"एक नंबर, काका, दोस्तच आहे माझा. तो डाग ठिणगीचा आहे. मीच गडद केलाय."

"तुमी दोस्त. चांगलंच म्हननार," छबूबाई म्हणाली. "दादा, चला माघारी. आपली अनिता असल्या घरात द्यायची न्हाई."

सयाजी दाराकडे वळले. उमरचा हात माउसवर गेला. फोटो काढताना तो सार्थकला म्हणाला होता, "ज्याचा राग येतो त्याला आठव." सार्थकला आठवला बाप. दुखणं शेवटपर्यंत घरच्यांपासून लपवून गेल्या साली गेलेला गेनबा. पोराचे डोळे भरून आले आणि उमरचं बोट नेमकं तेव्हाच बटणावर पडलं. पुढे कॉम्प्युटरवर त्याने त्या आसवांचा घाम केला. "हे कुणाला दाखवलंस तर तुझं तोंड बघणार नाही," सार्थकने बजावलं होतं.

"काका, थांबा," उमर म्हणाला आणि त्याने मूळ फोटो उघडला.

सयाजी कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकले. छबूबाईने पदर सारखा केला.

"कशापायी रडतंय ते?" तिने विचारलं.

"वडिलांसाठी."

सयाजींनी खिशातून मोबाइल काढला. "धाडा ह्याच्यावर. अनिताला दावतो."

उमरने माउसवरचा हात उचलला. दोस्ताचा विश्वास आपण मोडला, हे त्याला आता कळून चुकलं होतं आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

"नाही, काका. दाखवला हेच चुकलं माझं. फोटो त्याचा आहे. पाहिजे तर त्यालाच मागा."

छबूबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. सयाजींनी मात्र मोबाइल परत खिशात टाकला.

"बरं. त्यालाच मागतो," ते म्हणाले. "घर कुठल्या अंगाला?"